चित्रातली दुसरी बाई

नर्सरीत शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत, ते पदराला चिकटून घरी येतात. तंजावरात तेव्हा गल्लोगल्ली एसटीडी बूथ आणि इंग्लिश मीडियम एकदमच उघडत होते. आमच्या नर्सरीत वसंता मिस हेडमिस्ट्रेस म्हणून आल्या, मद्रासला बालमानसशास्त्राचा कोर्स करून. मुलाचं चित्र पाहिलं की घरातलं सगळं कळतं म्हणे! मला तेव्हाच संशय आला होता.

*

एका पोरानं बापाला काचेच्या पेटीत काढलं. मिस हळू आवाजात म्हणाल्या, "बाप कोंडल्यासारखा आहे. घरात नक्की काहीतरी गडबड आहे." बापाला बोलावणं गेलं. बिचारा दुकान टाकून धावत आला आणि चित्र पाहून खूश! "मिस, हा तर माझा एसटीडी बूथ! पंखा तेवढा काढायचा राहिला."

*

एक मुलगी आधी कागदभर ठिपके काढी, मगच रेघ. "मन मोकळं नाही हिचं," मिसचं निदान. या वयात रेघ स्वैर हवी, असं त्यांच्या कोर्सात होतं. अहो, इथं रोज सकाळी आई दारात ठिपक्यांचं कोलम घालते, पोर शेजारी बसून बघते! मी तसं सांगितलं, तर मिसनी माझ्याकडेच रोखून पाहिलं.

"तुम्हीही लहानपणी ठिपके काढत होतात का?"

*

पापनाशमहून येणाऱ्या एका मुलानं आई पानभर काढली, बाप मुंगीएवढा. "घरात बापाला किंमत नाही," मिसनी आईला तोंडावर सांगितलं. ती भडकलीच! "कोणी सांगितलं तुम्हाला? माझ्या सासूनं?"

पोरगं शांतपणे म्हणालं, "अप्पा दुबईत आहेत. इथून एवढेच दिसतात."

*

इथवर मी पोट धरून हसत होते. मग पाळी आली माझ्या तुळजाची. ती माझ्याच वर्गात, तिथं मीही तिची मिसच. चित्राचा विषय होता 'माझी माणसं'. घरात आम्ही तिघंच, कागदावर मात्र चौघं! मी, तुळजा, तिचे वडील आणि त्यांच्या पलीकडे आणखी एक बाई. मोठं तोंड, कपाळाला आठ्या.

मिसनी खोलीचं दार लावून घेतलं. "मूल चित्रात खोटं बोलत नाही. तुमच्या घरी कोण येतं?"

"कोणी नाही," म्हणाले खरी, पण डोक्यात भुंगा शिरला. हे ओरत्तनाडूला सरकारी नोकरीत. हल्ली शेवटच्या बसनं येत होते. ऑफिसात नवी टायपिस्ट आलीय, हेही यांनीच सांगितलं होतं. न विचारता कशाला सांगितलं?

हे आले तसा मी कॉफीचा डवरा पुढे ठेवला आणि शेजारी चित्र. "ही कोण?"

"मला काय माहीत!" यांचा चेहरा उतरला. माझा संशय दुप्पट झाला.

"तुळजाला विचारू?"

"विचार, आत्ता विचार!" हेही चिडले.

ज्या चित्रांची मी टर उडवत होते, त्यातल्याच एकापायी माझा संसार मोडायची वेळ आली होती. तुळजाला मांडीवर घेतलं आणि आमच्या घरच्या मराठीत हळूच विचारलं, "बाळ, ही कोण गं?"

तिनं आधी माझ्या चित्रावर बोट ठेवलं. "ही आई."

मग त्या बाईवर. "आणि ही शाळेतली. हिला आई म्हटलं की ओरडते."