मार्गारिटाच्या पाठीवर आडवी बाटली

महाडच्या ज्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम करते, तिथे त्या आश्विनात एकाच आठवड्यात दोन कामं आली. एक माझंच होतं. आमच्या फाट्यावरचं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून गावातल्या बायकांचं मतदान लागलं होतं, त्याचं पत्रक. दुसरं काम महाबळेश्वरच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टचं. शरद ऋतूतल्या मैफलींसाठी मार्गारिटाच्या चार कृती, चार वेगळे कागद, एका बाजूने रंगीत छापून पाहुण्यांच्या टेबलांवर ठेवायचे.

मार्गारिटा म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं आणि माहीत नसल्याची लाजही नव्हती. रिसॉर्टच्या मॅनेजरने सांगितलं. टकिला नावाची परदेशी दारू, संत्र्याची गोड दारू, लिंबाचा रस, बर्फ आणि ग्लासच्या काठाला मीठ. "शरदासाठी आम्ही त्यात इथली फळं घालतो. लोकल टच. मराठीतही पाहिजे, पाहुण्यांना बरं वाटतं."

त्याने दिलेला इंग्रजी मजकूर घेऊन मी मराठी करायला बसले. पहिल्याच ओळीत पानगळ. सोनेरी पानं, गार वारा, शेकोटीपाशी मित्रमंडळी. बाहेर ऊन माणसाला भाजून काढत होतं. आमच्याकडे या दिवसांत पानं गळत नाहीत, भात पिकतं. पोलादपूरपासून कापड्यापर्यंत खाचरं पिवळी होतात, बायका विळ्यांना धार लावून ठेवतात आणि परतीचा पाऊस येतो की काय या धास्तीने घास गोड लागत नाही. हा कुठला शरद आणि कोणाचा, असं मी चाचांना विचारलं. चाचा म्हणजे छापखान्याचे मालक. मशीनखालून डोकं न काढता ते म्हणाले, "त्यांना पानगळ पाहिजे तर पानगळ दे बेटी. आपल्या बापाचं काय झाड हाय?"

म्हणून दिली. पहिली कृती भोपळ्याची: भोपळा भाजायचा, गूळ, लवंग, दालचिनी घालून घोटायचा, गाळून दारूत घालायचा. दुसरी पेरूची, काठाला मिठात लाल तिखट आणि भाजलेलं जिरं. तिसरी काकडी आणि हिरव्या मिरचीची. चौथी कोकमाची. दोन भाग टकिला, एक भाग संत्र्याची दारू, एक भाग कोकमाचं आगळ, अर्धं लिंबू, चमचाभर गुळाचा पाक. त्याखाली बारीक अक्षरात: 'आगळ पोलादपूरच्या डोंगरातल्या महिलांनी हाताने काढलेलं.'

त्या महिला मला माहीत होत्या. त्यांतली पहिली माझी काकी.

काकी बचत गटाची अध्यक्ष. मे महिन्यात अख्खा गट कोकमाची फळं, रातांबे, फोडतो, साली मिठात घालतो, सुटलेला रस गाळून भरून ठेवतो. ते आगळ. रिसॉर्टची गाडी येऊन कॅन घेऊन जायची. सरबताला नेतात, सोलकढीला नेतात, अशी काकीची समजूत होती. मीही कधी विचारलं नव्हतं. आणि हीच काकी ग्रामसभेत सगळ्यांत आधी हात वर करून उठली होती की फाट्यावरचं दुकान आम्हाला नको. माझा काका रोज संध्याकाळी तिथे जातो. गेल्या पावसात परत येताना तो ओढ्यात पडला. काकीने आणि मी त्याला बाहेर काढला, चिखलासकट घरी आणला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याने आधी विचारलं की बाटली फुटली का. काकीला ते दुकान बंद पाहिजे होतं. मला काकीचं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं.

या मतदानाचा कायदा ज्याने केला त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. बंद पाहिजे तर आडव्या बाटलीवर शिक्का. आलेल्या बायकांतल्या जास्त जणींनी मारला तर संपलं, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त पाहिजेत. म्हणजे जी आली नाही ती दुकानाच्या बाजूची. आमच्या गावातल्या किती बायका मुंबईला. गणपतीला आल्या, गौरी करून गेल्या, आता शिमग्याला येतील. आणि मतदान लागलं आश्विनात. यादीत मेलेल्याही होत्या. माझी आईसुद्धा होती. तिला जाऊन वर्षं झाली, पण नाव काढायचा फॉर्म मी भरला नव्हता. दुसऱ्यांचे शंभर फॉर्म भरले असतील, तो हाताला येत नव्हता.

आता माझी चूक. ती दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

रिसॉर्टच्या कागदांचा पहिला गठ्ठा छापून झाला आणि मॅनेजर म्हणाला, पेरूच्या ग्लासचा काठ केशरी पाहिजे होता, हा विटकरी आलाय. सगळं रद्द. चाचांनी शिवी गिळली आणि पुन्हा छापलं. रद्द कागद कोपऱ्यात पडले, मागची बाजू कोरी. आमच्याकडे पत्रकाच्या कागदाला दमडी नव्हती. चाचा म्हणाले, "पाठकोरे हायत, ने. छपाई माझ्याकडून." मला उलट आनंदच झाला. वरच्यांच्या दारूच्या कागदावर खालच्यांची दारूबंदी छापते आहे, असं वाटून मी दोन दिवस छाती काढून फिरले. मागचा मजकूर कोण वाचतंय? कॉलेजपासून एसटीसाठी, पाण्यासाठी, साकवासाठी पत्रकं वाटत आले आहे. लोक पुढची बाजूसुद्धा वाचत नाहीत, त्यावर भेळ खातात. मागची कोण उलटतो?

दुकानाच्या मालकाचा भाऊ उलटतो. एसटीच्या थांब्यावर तो बाकावर चढला आणि चार माणसांत मोठ्याने वाचू लागला. "ऐका रे. ताईंचं पत्रक. पुढं लिवलंय दारू सोडा. मागं लिवलंय दारू कशी करायची. दोन भाग टकिला, एक भाग आमच्या वयनींचं आगळ."

"टकिला काय असतं रं?" कोणीतरी विचारलं.

"ते वयनींना विचार. त्या पुरवतात."

माणसं पोट धरून हसली. त्यांच्यात माझा काका होता, तोही हसला. संध्याकाळच्या आत दोन्ही बाजूंचे फोटो मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर गेले. घाटकोपरहून एका चुलतबहिणीचा फोन आला. ती दहा जणींना गाडी करून आणणार होती. "आम्ही सुट्ट्या टाकून येणार आणि तुमी दोन्हीकडून खाणार? नाय येत गो. तुमचं तुमी बघा." मी समजावत राहिले, तिने फोन ठेवला.

काकीकडे गेले तेव्हा गटातल्या सगळ्या अंगणात बसल्या होत्या. मधे तो कागद. काकीने तो जोत्यावर ठेवून वर दगड ठेवला होता, उडू नये म्हणून.

"हे तू लिवलंस?" काकीने विचारलं.

"मराठी केलं. कामच ते माझं."

"तुला ठाऊक होतं आपलं आगळ कशात जातंय?"

"आठ दिवसांपासून."

"आन आमाला नाय सांगितलंस."

मी म्हटलं, मतदान झाल्यावर सांगणार होते, गटाचं मन आधीच कशाला मोडा. बोलताना मलाच माझी घाण वाटली. लोकांना कळू द्यायचं नाही, त्यांच्या भल्यासाठी. ही दुकानवाल्यांची भाषा, पुढाऱ्यांची भाषा, आणि ती माझ्या तोंडात. मग चिडून मी दुसऱ्या टोकाला गेले. रिसॉर्टला एक थेंब द्यायचा नाही, आजच कॅन परत आणा, असं म्हणाले.

गटातली सगळ्यांत तरुण बाई उसळली. "तुला काय जातंय सांगायला. तुजा पगार चालू हाय. तूच लिवलंस, तूच छापलंस, आन आगळ आमी वतायचं?"

खरं बोलली.

काकीने तो कागद पुन्हा उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि कोकमाची कृती सावकाश वाचली. "आगळात आदीच मीठ. वर काठाला परत मीठ. ही माणसं पाणी किती पित असतील गो?" एकदोघी हसल्या. मग ती म्हणाली, "वर त्यांची गाडी येती, पिऊन गाडीतनंच जाती. त्यांच्यातला कोण वड्यात पडत नाय. पडला तर त्याचं नाव कोण घेत नाय. आपला पडला की गाव जमतं." आणि कागद खाली ठेवून, "मतदान होईस्तोवर आगळ जाणार नाय. पुढचं पुढं बघू. तोंड लपवून शिक्का मारायला जायची नाय मी."

रिसॉर्टला तसा निरोप गेला. मॅनेजर म्हणाला, काही हरकत नाही, पुण्याहून सिरप मागवतो. झालं. आम्ही रात्रंदिवस भांडून जे ठरवलं ते त्याच्या एका फोनात मिटलं.

मतदानाच्या दिवशी शाळेपासून लांब, हद्दीच्या खुणेपलीकडे, आंब्याखाली काकीने दोन कळशा मांडल्या. मी विचारलं हे काय. म्हणाली, तुझी मार्गारिटा. आगळ, गूळ, लिंबू, विहिरीचं गार पाणी. पेरू किसून एका कळशीत. स्टीलच्या पेल्यांचे काठ लिंबाने ओले करून तिखट-मीठ-जिऱ्याच्या ताटलीत उपडे घातलेले. कृतीबरहुकूम, फक्त पहिल्या दोन्ही दारू वगळून. "त्यातनं दारू काढली की आपलं सरबतच उरतंय. कशाला लपवायचं? जिला हसायचंय तिनं पिऊन हसावं."

कापणीवरून बायका थेट येत होत्या, डोक्याला फडकी, हाताला भाताची कुसं. शिक्का मारून आल्या की आंब्याखाली थांबत. दहा वाजता दुकानवाल्यांनी तक्रार केली की बाया मतदानाला दारू वाटतायत, लेखी कृती आहे, हा घ्या कागद. बंदोबस्तावरचे एक साहेब आले. कागद वाचला, पेला उचलला, हुंगला. मग एक घोट घेतला आणि काठावरचं तिखट ओठाला लागल्यावर डोळे मिचकावले.

"काय आहे यात?"

"तुमच्या हातात लिवलंय ना साहेब," काकी म्हणाली. "वरच्या दोन वळी सोडून वाचा."

त्यांनी पेला संपवला. तक्रारदाराला म्हणाले, "अहो, आंबट आहे नुसतं." आणि पेला पुन्हा पुढे केला. बाकावर चढून वाचणारा भाऊ तिथेच उभा होता. तरुण बाईने त्याच्याही हातात पेला दिला. "प्या भावजी. ह्यानं घरचा रस्ता चुकत नाय."

तो दिवस मी विसरणार नाही, कारण दुपारपर्यंत मला वाटलं होतं आम्ही जिंकलो. गावात असलेली जवळजवळ प्रत्येक बाई आली. एका म्हातारीला तिच्या सुनेने पाठीवर आणलं. घाटकोपरची चुलतबहीण आली नाही. तिच्या दहा जणी आल्या नाहीत.

चिठ्ठ्या उलगडल्या तर आडव्या बाटलीचा ढीग, उभ्या बाटलीच्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आणि निकाल, दुकान चालू राहील. यादीच्या निम्म्याला आम्ही पोचलो नव्हतो. उभ्या बाटलीला मतं मिळाली नाहीत, तिला गैरहजेरी मिळाली. मुंबईच्या बायकांची, लग्न होऊन गेलेल्यांची, मेलेल्यांची. फटाके वाजले. काका फाट्याकडे निघाला आणि काकीने त्याला हाक मारली नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी रिसॉर्टची मैफल झाली. नवे कागद पोचवायला मीच गेले होते. काठ आता केशरी होता, तळाला अजून तीच ओळ, आगळ पोलादपूरच्या डोंगरातल्या महिलांनी हाताने काढलेलं. ग्लासात मात्र पुण्याचं सिरप. मी मॅनेजरला म्हटलं ही ओळ खोटी आहे, काढा. तो म्हणाला, "चवीत फरक कोणालाच कळणार नाही, मॅडम." मी त्याच्या समोर पेन काढून वरच्या गठ्ठ्यातल्या पंधरावीस कागदांवरची ओळ खोडली. मग त्याने गठ्ठा काढून घेतला. चाचांना फोन गेला. चाचांनी दुसऱ्या दिवशी मला चहा जरा जास्त गोड दिला.

दुकान अजून आहे. पुन्हा अर्ज करायला थांबावं लागतं, तोवर यादी साफ करायची असं गटाने ठरवलं. मेलेल्यांची नावं, नांदायला गेलेल्यांची नावं, एकेकीचा फॉर्म. लिहिणार मी. मुंबईवाल्यांना फोन काकी करते. तिला नाही म्हणायला लोक अजून बिचकतात. आगळ पुन्हा रिसॉर्टला द्यायचं का यावर गटात अजून भांडण आहे आणि मी त्यात तोंड घालत नाही.

फॉर्म भरायला काकीच्या जोत्यावर बसलो तेव्हा आईचं नाव मी तिसऱ्यांदा चळतीच्या तळाला सरकवलं. काकीने बघितलं. तिने चळत उलटी केली आणि तो कागद माझ्यापुढे ठेवला.

"भर," म्हणाली. "दुकानवाल्यांनी तिला त्यांच्या बाजूनं मोजली, एवढं बास झालं."