दाजी गेम चालू करतात

आमचे तात्या तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात सुतळी बॉम्ब वळायचे, आई डब्यांवर लेबलं चिकटवायची. दिवाळीत साऱ्या मुलखात आवाज आमचा, अन् आमच्याच घरात फुलबाजीची मारामार. अशा घरात कॉम्प्युटर कुठनं येणार? तो आला थोरल्या बहिणीच्या लग्नानंतर, दाजींच्या मागोमाग.

दाजींचं परंड्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्याइतके व्हिडिओ गेम आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कुणी सुरू केले नसतील आणि त्यांच्याइतके कमी कुणी खेळले नसतील. विंडोजसाठी बनलेला गेम लिनक्स नावाच्या दुसऱ्या, फुकटातल्या सिस्टीमवर चालवून दाखवायचा, एवढाच त्यांचा छंद. पडद्यावर नायक तलवार उपसून उभा राहिला की दाजी समाधानानं सुस्कारा सोडतात आणि गेम बंद करतात. "खेळतंय काय, कुणीबी. चालू करून दाखवा!" तात्यांनी एकदा भीत भीत विचारलं, "पाव्हणं, हे नेमकं करताय काय?" तर म्हणाले, "मामा, गेम बोलतंय कानडी, मशीनला कळतंय मराठी. मधी एक दुभाष्या बसवायचा. पण दुभाष्या लई लहरी!" तात्यांनी मान डोलावली आणि आईला हळूच सांगितलं, "दुकानात कानडी माणूस ठेवलाय म्हणं."

प्रत्येक गेमची नोंद दाजी एका जाड वहीत करतात, तीही बैलबाजारातल्या भाषेत. धावतो. लंगडतो. बसकण मारली. एका मोटारींच्या गेमपुढं लिहिलंय, 'शेपटी पिरगाळल्यावर चालतो.'

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं वाण देतात. आईनं चांदीच्या निरंजनाची तयारी केली होती. दाजी म्हणाले, "मामी, निरंजन नको. हातात धरून खेळायचं एक जुनं मशीन मिळतंय, लिनक्सवालं." आईनं तेहेतीस अनारशांच्या मधोमध ते मशीन ठेवलं, ओवाळलं आणि कुंकू लावलं. ते कुंकू उजव्या बटणात गेलं. तेव्हापासून त्या मशीनवरचा कुठलाही नायक उजवीकडं वळायला कुरकुरतो.

भंगारातनं जोडलेला एक लॅपटॉप दाजींनी मला दिला होता. त्यावरच मी बीएस्सीचा शेवटचा प्रोजेक्ट केला. विषय दाजींची वही! गेमचं नाव टाका, तो कुठल्या मशीनवर चालतो ते बघा. पास होणं गरजेचं होतं, कारण आत्यानं बजावलं होतं, "नापास झाली तर लगेच स्थळ बघायचं." परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी दाजी आले. "मेव्हणीबाई, उद्या मशीन ताजंतवानं पायजे," म्हणत त्यांनी सिस्टीम अपडेट लावली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, तो प्लगवरच चालायचा. निम्म्यात लाईट गेली. पुन्हा चालू केला तर नुसता काळा पडदा.

"दाजी, माझं लग्न लागतंय आता!" मी रडत ओरडले.

"पेनड्राईव्हवर कॉपी हाय न्हवं? मग रडतीस कशाला? वाणातलं मशीनबी लिनक्सच की, त्याच्यावर चढवू."

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात मी ते खेळणं दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे काय आहे?"

"सर, प्रोजेक्ट."

त्यांनी अंगठ्यानं दांडी फिरवत नेमका तो मोटारींचा गेम निवडला. "शेपटी पिरगाळणे म्हणजे काय?"

मी दाराकडं पाहिलं. दारात उभे दाजी कुजबुजले, "दुभाष्या बदलायचा, सर. जुनं व्हर्जन लावायचं."

"तुम्ही कोण?"

"मी तिचा दाजी. आन् ते उजवं बटण जरा जोरात दाबा, त्यात कुंकू हाय."

परीक्षक हसले, मग पाऊण तास ते मशीन सोडेनात. मधे मला पाच प्रश्न विचारले, पाचही आले.

आता मी पुण्यात नोकरी करते. इथं सगळं एका क्लिकवर चालतं, कशाचीच शेपटी पिरगाळावी लागत नाही. कधी कधी दुपारी उगीच दाजींना फोन लावते, तेव्हा पलीकडं एखादा गेम लंगडत असतो आणि दाजी त्याला चुचकारत असतात. "थांब गं, आत्ता उठतंय बघ!" मी थांबते.

त्या परीक्षेत मी पहिल्या वर्गात पास झाले. आमच्या घरात पदवी मिळवलेली मी पहिली.