अजगर बुटकाच हवा होता

नवरा एका दमात हो म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्या सबंध संसारात त्याने मला पोपट आणू दिला नाही, कुंडीत लिंबूसुद्धा लावू दिलं नाही. "आपण इथे पाहुणे. उद्या निघायचं झालं तर?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. मुलगी पुण्याला शिकायला गेली, मस्कतच्या दार्सैत भागातला आमचा फ्लॅट रिकामा वाटू लागला. केसाळ प्राण्यांची मला ॲलर्जी, म्हणून मी अजगराचा विषय काढला. तो पेपर वाचता वाचता म्हणाला, "घे की." मला वाटलं, माणूस वयाबरोबर मऊ होतोय.

मस्कतमध्ये आम्ही मराठी माणसं टीव्ही घेतो तेव्हा त्याचं खोकंही थर्मोकोलसकट जपतो. परतताना सामान त्यातूनच जायचं असतं. आमची कोठीची खोली अशा खोक्यांनी छतापर्यंत भरलेली होती. अजगर मात्र वीसेक वर्षं जगतो. इतकी लांब मुदतीची गोष्ट आम्ही इथे कधी घरात आणली नव्हती. त्याचं "घे की" म्हणजे आपण इथेच राहणार, असा अर्थ मी लावला आणि कामाला लागले.

जाळीच्या नक्षीचा अजगर मला हवा होता, पण साधा घेतला तर दिवाणखाना त्याचा आणि आम्ही बाल्कनीत. लहान बेटांवर त्याचीच एक बुटकी जात असते. बाजारात मिश्र पिल्लंही बुटकी म्हणून खपवतात आणि ती मग वाढतच जातात. म्हणून माझा नियम एकच: आई आणि बाप दोन्ही पाहिल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही.

अझैबा भागातल्या दुकानदाराला आईबाप दाखवता येईनात. मस्कतजवळच्याच अल अमेरातमध्ये घरामागच्या खोलीत अजगर वाढवणारा एक ओमानी गृहस्थ भेटला. घरचा बलुची, हिंदी फर्डी. आम्ही दोघं गेलो. त्याने स्वतःच एका देखण्या पिवळ्या पिल्लावरून माझं मन काढलं. "सिस्टर, इसका बाप छोटा है, माँ बड़ी. ये आपके सोफ़े में नहीं समाएगा." दुसऱ्या पेटीतल्या तपकिरी मादीचे आईबाप मात्र दोन्ही आटोपशीर होते. मी तिचं तोंड पाहिलं, नाकाशी बुडबुडे नाहीत ना ते पाहिलं, अख्खी उतरलेली कात पाहिली. बर्फातून काढून कोमट केलेला उंदीर तिने माझ्यासमोर खाल्ला.

नवरा दारातूनच म्हणाला, "काटेगा तो नहीं?"

"पहले हाथ धोके आओ," तो गृहस्थ हसला. "मुर्ग़ी खाके आए हो ना? वो समझेगी खाना आया."

खाल्लेलं पचू दे, पुढच्या आठवड्यात न्या, असं ठरलं. बयाणा नवऱ्याने त्याच्या फोनवरून पाठवला.

काचपेटीसाठी मी कोठी रिकामी करायला घेतली, तर नवरा धावत आला. "खोकी टाकू नकोस हं."

"मग ठेवू कुठे? डोक्यावर?"

"पलंगाखाली सारू. असू देत गं."

मी सारली.

पुढच्या शुक्रवारी आणायला एकटीच गेले. त्या गृहस्थाने मादीला कापडी पिशवीत घालून गाठ मारली. "मिस्टर को बोलना टेन्शन नहीं. मार्च में आप लोग मुल्क जाओगे तो मैं वापस ले लूँगा, इन्शाल्ला."

"हम कहाँ जा रहे हैं?"

"इंडिया. उन्होंने ही फ़ोन करके पूछा था ना..." त्याचा चेहरा उतरला. "सिस्टर, मैंने कुछ ग़लत बोला?"

"आपने नहीं," मी म्हणाले.

गाडीत बसून आधी मुलीला फोन लावला. तिने "तुला कोणी सांगितलं?" असं विचारलं. मग म्हणाली, "आई, बाबांनी प्रॉमिस घेतलं होतं. गणपतीपासून. तू हर्ट होशील म्हणून." गणपतीत मी मंडळासाठी मोदक वळत होते आणि हा शेजारी बसून पुढच्या वर्षीच्या आरासीचं बोलत होता.

घरी आल्यावर त्याने लपवलं नाही. त्याच्या जागी इथला माणूस येणार, मार्चअखेर नोकरी संपणार. त्यात त्याचा काय दोष? मी ते ऐकून घेतलंही असतं.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "म्हटलं, तोवर तुझी हौस होऊ दे. परतही करता येतो, मी विचारून ठेवलंय."

"त्याला विचारलंस. मला?"



माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर नाही, मी काम करते त्या दवाखान्याचा आहे. दार्सैतच्या या घराचं भाडं माझ्या पगारातून जातं. हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं, मी सामानाबरोबर येणार हे तो धरूनच चालला होता. मी मादीला पेटीत सोडलं, झाकणाची खिट्टी लावली आणि पलंगाखालून एकेक खोकं ओढून खाली कचराकुंडीपाशी नेऊ लागले.

"टीव्हीचं तरी ठेव," तो जिन्यात मागे मागे येत म्हणाला. "टीव्ही कशात न्यायचा?"

"टीव्ही इथेच राहील."

"आणि तू?"

मी थांबले नाही. त्याच्या एकट्याचं सामान बसेल एवढं एक खोकं मात्र वर घरात ठेवलं.