पंधरा मिनिटांची सुट्टी

सुताराच्या कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. त्याने बसवलेलं दार एका बोटाने लोटलं तरी आवाज न करता मिटायचं. तरीही परदेशातल्या त्या कारखान्यात दुसऱ्याच महिन्यात त्याला दोन ताकिदी मिळाल्या. दोन्ही एकाच गुन्ह्यासाठी. चहाच्या सुट्टीत काम केलं.

दहाला भोंगा व्हायचा. सगळे हत्यारं खाली ठेवायचे. हा मात्र पाठ फिरवून रंधा मारत राहायचा. मायदेशी बावीस वर्षं तो ज्या उस्तादाच्या हाताखाली राबला, त्याच्याकडे बसलेला दिसला तो कामचुकार, दुसऱ्या दिवसापासून त्याने घरीच बसायचं. इथे मालक स्वतःच बाकावर बसून याला हाका मारायचा. हा हसायचा आणि आणखी जोर लावायचा.

तिसरी ताकीद म्हणजे गच्छंती. सहा महिने धड निघाले तरच नोकरी पक्की, आणि मगच बायकोला आणायचे कागद.

तिथला रंगारी याच्याच भाषेतला, बारा वर्षांपूर्वी आलेला. एके दिवशी भोंगा होताच त्याने याचा रंधा उचलला आणि कपाटाला कुलूप घातलं.

"दमलेला हात करवतीत जातो, म्हणून सुट्टी आहे. शिवाय तुझ्यापायी आम्ही सगळे आळशी दिसतो. बस आता."

"भाऊ, हात रिकामे राहिले की घर आठवतं."

"मग फोन लाव. आम्ही काय दगडाचे आहोत?"

तो बसला. घरी फळी कापताना दुसरं टोक बायको धरायची. केसात भुसा गेला की करवादायची, पण टोक सोडायची नाही. त्याने फोन लावला.

"अहो, काय झालं? काम गेलं?"

"नाही गं. सुट्टी आहे."

"भरदिवसा? कोण वारलं?"

"कुणी नाही. रोजच असते, चहाची. बसलोय."

"खोटं. तुम्ही आणि दिवसा बसलाय? काढलं ना तुम्हाला?"

त्याने फोन बाकाकडे धरला. तिकडे हशा पिकला होता.

"कोण हसतंय ते?"

"मालक."

"मालकासमोर बसून बोलताय? लाज नाही वाटत? ठेवा आधी!"

तिनेच फोन ठेवला. अजून नऊ मिनिटं उरली होती. गुडघ्यांवर हात ठेवून त्याने ती काढली. अख्खं सागवानी दार उचलणं त्यापेक्षा हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर त्याने आपणहून रंधा कपाटात ठेवला. पहिल्याच घंटीला तिने फोन उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"बसलात?"

"बसलो. अजून चार महिने असंच बसायचंय."

नळ बंद झाल्याचं त्याला ऐकू आलं.

"थांबा," ती म्हणाली, "मीपण बसते."