बाळंतिणीनं रडू नये

आमच्या घरात बाळंतपणं करण्याचा मान माझ्याकडे होता. तो मला कुणी दिला नव्हता, मीच घेतला होता. दोन नणंदा आणि एक धाकटी जाऊ माझ्या हाताखालून सुखरूप उठल्यावर वाडीत कुठेही बाळंतीण असली की बायका मला विचारायला येऊ लागल्या. ओवा किती, बाळंतशेपा किती, डिंकाचे लाडू कितव्या दिवसापासून. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. कुणी विचारलं नाही तरी सांगायची सवय पेशातच असते.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा थोरल्या सुनेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिची आई ती लहान असतानाच गेलेली, आणि आंजर्ल्याच्या घरात वडील आणि दोन बिनलग्नाचे भाऊ. मुलगा मुंबईला गोदीत नोकरीला, एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. तेव्हा हातखंब्यापासून दोन मैल आत, आमच्याकडेच बाळंतपण करायचं ठरलं. सुनेला कुणी विचारलं नाही. मला मात्र आनंद झाला, हे कबूल करते.

एप्रिलच्या शेवटी रत्नागिरीच्या इस्पितळात मुलगी झाली. मला दोन्ही मुलगेच, त्यामुळे नात झाली म्हणून मी वाडीभर साखर वाटली. शाळेला सुट्टी लागलेली. मी सव्वा महिन्याचं वेळापत्रकच करून टाकलं. सकाळी तेल लावून कढत पाण्याची आंघोळ, मग खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, तूप घातलेला गुरगुट्या भात, झोप, अळिवाची खीर, पुन्हा झोप. माजघरालगतच्या खोलीच्या खिडकीला मी गोणपाट लावलं, सुनेच्या कानांवर फडकं बांधलं आणि भेटायला येणाऱ्या बायकांना उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं. खाण्यापिण्यात, शेकण्यात मी कसूर केली नाही. आज मागे वळून पाहतानाही त्याबद्दल मला स्वतःला दोष देता येत नाही.

दोष दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्याकडे एक नियम होता, बाळंतिणीनं रडायचं नाही. रडलं की डोळे कायमचे अधू होतात आणि ते दूध पोराला बाधतं. माझ्या सासूबाईंनी तो मला सांगितला होता, मी नणंदांना सांगितला, जावेला सांगितला. सून तिसऱ्या दिवसापासून रडायला लागली, तसा तिलाही सांगितला. आईची आठवण येते का, विचारलं. नाही म्हणाली. काही दुखतंय का, तर तेही नाही. मग होतंय तरी काय, तर म्हणे माहीत नाही. हे उत्तर मला वर्गातसुद्धा चालत नसे.

मग मी दटावायला सुरुवात केली. रागाने नव्हे, पण सतत. डोळे पूस. दूध बाधेल. सोन्यासारखी मुलगी आहे, नवरा निर्व्यसनी आहे, रडण्यासारखं आहे काय? दोन आठवड्यांत ती खरंच रडायची थांबली. दिलेलं खायची, सांगितलं की निजायची, सांगितलं की पोरीला पाजायची. मी ओटीवर जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं की बघा, शिस्त लागली. मुलाला पत्र टाकलं, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत.

तेल लावून न्हाऊ घालायला खालच्या वाडीतली एक म्हातारी यायची. हात खडबडीत, पण आख्ख्या पंचक्रोशीची पोरं त्या हातांनी न्हायलेली. सव्वा महिना भरत आला तेव्हा एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येऊन ती परसदारी टेकली. पदराला हात पुसत म्हणाली, "मास्तरीणबाय, माज्या हाताखाली सगल्या बायका रडतात. कडत पानी अंगावर पडला की रडू येताच. ही पयली रडायची. आता दगडासारकी बसते. ता बरा नाय."

मला वाटलं, काम संपत आलं म्हणून म्हातारी आणखी आठ दिवस लांबवू पाहते आहे. माणूस स्वतःच्या शहाणपणावर खूश असला की दुसऱ्याचं शहाणपण त्याला लबाडी वाटते. मी तिला लुगडं-नारळ देऊन मानाने निरोप दिला. सुनेने विहिरीची पूजा केली आणि बाळंतीण उठली असं आम्ही समजलो. खिडकीचं गोणपाट निघालं, शेगडी माळ्यावर गेली, आणि जूनमध्ये शाळा उघडताच मी कामावर रुजू झाले.

चाळीस दिवस जिला क्षणभर एकटी सोडली नाही, तिला एकेचाळिसाव्या दिवसापासून दिवसभर एकटी ठेवली, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. आमचे हे लावणीच्या गडबडीत शेतावर, मी शाळेत. घरात ती आणि पोर.

जुलैतली गोष्ट. शाळा सुटून मी घराच्या पायऱ्या चढत होते तेव्हाच पोरीचं रडणं ऐकू आलं. रडून रडून आवाज बसलेला होता. आत आले तर पाळणा एका भिंतीशी आणि सून समोरच्या भिंतीशी, पुढ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. तांदळात एक खडा नव्हता. निवडलेलेच ती पुन्हा निवडत होती. मी पोरीला उचललं. लंगोट ओलाचिंब, अंग तापलेलं नाही, नुसती भूक. मी बोलायला तोंड उघडलं आणि ती आधी बोलली.

"आई, हिला तुमच्याजवळ ठेवा. रात्रंदिवस. मला हिची मायाच येत नाही."

एवढं म्हणून ती पुन्हा तांदळाकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, कुणाला सांगू नका.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. असं अभद्र बोलू नये, दूध आटतं. तेच वाक्य, त्याच स्वरात, मला पंचवीसेक वर्षांपूर्वी ऐकवलं गेलं होतं. ते आठवलं आणि मी सुनेशेजारी जमिनीवर बसले.

मग मी तिला ते सांगितलं, जे आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. तुझा नवरा दोन महिन्यांचा होता. त्याला पाळण्यात झोपवून मी दुपारची घरातून निघाले. चपला घातल्या नव्हत्या. सासूबाई शेतावर होत्या. हातखंब्याच्या तिठ्यावर जाऊन चहाच्या टपरीमागे बसले. माझं माहेर लांज्याकडे, पण तिकडे जायचं नव्हतं. जी गाडी थांबेल तिच्यात बसायचं आणि परत यायचं नाही, इतकंच डोक्यात होतं. पोर मागे रडत असेल हे ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. नंतर घरात माझं चित्त थाऱ्यावर नाही म्हणून सासूबाईंनी नारळ उतरवून तिठ्यावर टाकला. आपण इथेच बसलो होतो, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

सून माझ्याकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी ती कुणाकडे तरी नीट बघत होती.

"मग परत का आलात?"

काहीतरी चांगलं सांगावं असं वाटलं. पोराचा चेहरा डोळ्यांपुढे आला, देवानं बुद्धी दिली, असलं काहीतरी. पण तिने इतकं खरं सांगितल्यावर मला खोटं सांगवेना. मी म्हटलं, पान्हा दाटला. चोळी भिजली आणि छाती इतकी ठणकायला लागली की सोसवेना. ती मोकळी करायला म्हणून परत आले, दुसरं कारण नाही. पोराला पाजलं, तो प्यायला, आणि मी तशीच राहिले.

"आणि माया?"

"ती मागाहून आली. कधी, ते सांगता येत नाही. तो उभा राहायला लागला त्या सुमाराला असेल. तोवर नुसतं पाजत होते, न्हाऊ घालत होते."

तिने सूप बाजूला केलं. तोंडावर पदर घेतला आणि रडायला लागली, आवाज काढून, लहान मुलीसारखी. माझ्या मांडीवरची पोरही पुन्हा सुरू झाली. मी एकीलाही गप्प केलं नाही. त्या दोघींमध्ये बसून मला भयंकर लाज वाटत होती. मला सगळं माहीत होतं. ते अंगावरून गेलेलं होतं. तरीही मी तिला तीच शिक्षा दिली, जी मला मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजेचा अर्ज पाठवला आणि तिला रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मला बाहेर बसवलं, ते मला खटकलं, पण तासाभराने सून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला होता. गोळ्या दिल्या, आणि बजावलं की तिला एकटी ठेवायची नाही, झोप मोडायची नाही. मुलाला मी पत्र लिहिलं. खुशाल वगैरे काही न लिहिता लिहिलं की तुझ्या बायकोला बरं नाही आणि तू ये. तो गणपतीच्या आधीच पंधरा दिवस आला. खालच्या वाडीतल्या म्हातारीकडे मी स्वतः गेले आणि चुकले म्हणाले. तिने तपकीर ओढली आणि दुसऱ्या सकाळपासून यायला लागली. पोरीला मी न्हाऊ घालायची आणि म्हातारी पोरीच्या आईला.

बरं वाटायला वेळ लागला. मधले काही दिवस फार वाईट गेले. कधी वाटायचं सुधारली, आणि चार दिवसांनी पुन्हा भिंतीकडे तोंड. मी तिला हिची माया येते का, असं एकदाही विचारलं नाही. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं, ते माझं मलाच ठाऊक.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी मी शाळेला निघण्याच्या घाईत पिशवी भरत होते. सून मागल्या दारी उन्हात पोरीला पाजत बसली होती. तिने मला हाक मारली, आणि मान वर न करता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, आज येतेय मला हिची माया."

मी बरं म्हटलं. पोरीच्या तळव्यांना तेल लाव म्हटलं. मग पिशवी घेऊन माजघरात आले आणि तिथेच कोनाड्याला डोकं टेकून उभी राहिले. शाळेत मी त्या दिवशी अर्धा तास उशिरा पोचले.