नांगराच्या दुकानाची वेबसाइट

प्रत्येक घराण्याच्या इतिहासात एक क्षण असा येतो, की त्याला स्वतःला विचारावं लागतं: आपण कोण आहोत, कशासाठी आहोत आणि जगाला आपण काय देणार आहोत? आमच्या घराण्यावर ही वेळ आली, कारण नवा रस्ता गावाबाहेरून गेला आणि एसटी आमच्या दुकानावरून जायची बंद झाली.

दुकान पालमच्या जुन्या रस्त्यावर आहे. ट्रॅक्टरचे नांगर, वखर, पेरणी यंत्रं तिथं बनतात आणि मोडली तर दुरुस्तही होतात. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी वाढवलं, आता थोरला भाऊ चालवतो. मी हायस्कुलात शिकवतो. भाऊ मला मास्तर म्हणतो, आणि ते कौतुकानं म्हणतो असं मला कधी वाटलेलं नाही. दुकानाला पाटी अशी नव्हतीच. बसच्या खिडकीतून रांगेनं उभे केलेले लाल नांगर दिसायचे, तीच पाटी.

मग चुडावा गावचं एक जुनं गिऱ्हाईक भावाला बाजारात भेटलं. त्यानं पेरणी यंत्र नांदेडहून आणलं होतं.

"तुमचं बंद पडलं वाटलं," तो म्हणाला.

"कोन म्हनलं?"

"कोन कशाला म्हनंल? दिसंनाच गेलंय की."

भाऊ घरी आला आणि ताटावर बसून नुसतीच भाकरी मोडत राहिला. "मास्तर, ते वेबसाइटचं बघ," तो शेवटी म्हणाला. "पेरनीच्या आत झालं पायजे. हा हंगाम गेला तर भट्टी इझवायची अन् शटर भाड्यानं द्यायचं. मग बसतो मी बी तुझ्यासारखा पुस्तकं वाचत."

मी नांदेडच्या एका कंपनीला फोन केला. तिथल्या बाई शांत आवाजात म्हणाल्या, "सर, आधी तुमच्याकडची तयारी करा. काय विकता, ते कोण घेतं, आणि पान उघडल्यावर माणसानं पुढं काय करावं, एवढं ठरवा. वस्तूंचे चांगले फोटो काढा. मग आपण काम सुरू करू." मला वाटलं, एका दुपारचं काम आहे. इतकी वर्षं पालकसभा घेऊनही मला असं वाटू शकलं.

मी एक वाक्य लिहिलं: आम्ही ट्रॅक्टरचे नांगर, वखर आणि पेरणी यंत्रे बनवतो व दुरुस्त करतो. भावानं ते वाचलं आणि कागद उलटा करून मागं काही आहे का ते पाहिलं.

"हे तर कोनीबी लिहीन."

"कुणालाही कळावं म्हणूनच लिहिलंय."

"आजोबाचं नाव न्हाई, वडलाचं न्हाई. अनाथ हाव का आपन?"

फोटो काढायला गावातला लग्नाचा फोटोग्राफर आला. भावानं पांढरे कडक कपडे घातले आणि तो सगळ्यात मोठ्या नांगरासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. नांगर दिसेना. जरा सरकायला सांगितलं तर म्हणाला, "मालक बाजूला उभा राहतोय का कुठं?" दोन दिवसांनी फोटो आले. मागची भिंत काढून फोटोग्राफरनं तिथं बर्फाचे डोंगर बसवले होते.

वहिनींनी फोटो पाहिला. "बर्फात नांगरायलेत का तुमी?" एवढंच विचारून त्या आत गेल्या.

तरी हे सगळं निभावलं असतं. पण भाऊ म्हणाला, काकांना विचारल्याशिवाय नको. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, आज घरात सगळ्यांत मोठे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन परभणीत राहतात. लोखंडाशी त्यांचा संबंध कपाटापुरता. एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझं वाक्य वाचलं, चष्मा काढला आणि मला नवं वाक्य सांगितलं: शेतकऱ्यांचे आशास्थान, कृषिक्षेत्रातील अढळ ध्रुवतारा.

"यातला ध्रुवतारा कोण?" मी विचारलं.

"आपन समदे," काका म्हणाले.

मग फोटोंचा क्रम लागला. आमच्याकडे चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो तेव्हा त्यावर कोण वर, कोण खाली, कोणाचं डोकं किती मोठं, याला जेवढा विचार लागतो तेवढा तो माणूस जन्माला घालतानाही लागलेला नसतो. आमच्या दृष्टीनं वेबसाइट म्हणजे न फाटणारा फ्लेक्स. वर आजोबा, फेट्यात. त्याखाली वडील. मग काका. मग भाऊ. काकांचे जावई पुण्यात मोबाइलच्या कंपनीत आहेत; त्यांना वगळलं तर रुसतील, म्हणून तेही आले. त्यांचा एकच बरा फोटो मिळाला, तो महाबळेश्वरचा, गॉगल घातलेला. मला शिक्षणाचा मान म्हणून कोपऱ्यात जागा मिळाली.

चहा घेऊन आलेल्या वहिनींनी ते सगळं पाहिलं. "एखादा नांगर बी टाका त्यात," त्या म्हणाल्या. "पाव्हना म्हनून."

कुणी हसलं नाही. मी हसलो, तर भावानं माझ्याकडे पाहिलं.

शेवटी राहिला फोन नंबर. "नंबर कोनाचा टाकायलाय?" काकांनी विचारलं.

भाऊ लगेच म्हणाला, "तुमचाच, काका. दुसऱ्या कोनाचा असतोय?"

हे बोलणं आमच्याकडे ठरलेलं असतं. लहानानं मान द्यायचा आणि मोठ्यानं "नको रे बाबा, मी म्हातारा माणूस, तुझाच टाक" म्हणून तो परत करायचा. लग्नपत्रिकेपासून शेतीच्या वाटणीपर्यंत आमची सगळी कामं याच देवघेवीवर चालतात. भाऊ परतीची वाट बघत कप तोंडाशी धरून थांबला. काकांनी बिस्किट चहात बुडवलं, सावकाश खाल्लं आणि म्हणाले, "बरं. टाका."

परतीच्या बसमध्ये मी भावाच्या शेजारी बसलो. मग मी म्हणालो, "मी बाईंना तुझा नंबर देतो. काकांना काय कळणार?"

"रोज उघडून बघनार ते," भाऊ म्हणाला. "शब्द दिलाय मी."

बाईंना मी सगळं पाठवलं. "सर, यात नांगर कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मालकाच्या मागं. "आणि हा नंबर दुकानातला ना?" मी म्हणालो, घरातला आहे. त्यांनी सुस्कारा सोडला आणि काम चोख केलं. मोबाइलवर पेरणी यंत्र आणि पालम असं शोधलं की आमचंच पान पहिलं यायचं. भाऊ आपला फोन ऐरणीजवळ, आवाज मोठा करून ठेवायला लागला. मग त्याच्या लक्षात यायचं, पानावर नंबर काकांचा आहे.

पेरणी तोंडावर आली. काकांकडून एकाही गिऱ्हाइकाचा निरोप नाही. मग एके सकाळी जुन्या रस्त्यानं जाताना हातोड्याचा आवाज ऐकून चुडाव्याचं ते गिऱ्हाईक स्वतःच दुकानात उभं राहिलं. सोबत मेहुणा होता.

"चालूच हाय की हे!" तो म्हणाला. "तुमचं ते पान बघितलं. लय भारी हाय. आजोबा, जावई, समदे दिसले. याला यंत्र घ्यायचं होतं म्हनून चार-पाच डाव फोन लावला. कोनी उचलीना. म्हनलं, बंदच पडलं. घेतलं मग नांदेडलाच."

भावानं हातोडा खाली ठेवला आणि माझ्या मोबाइलवरून काकांना फोन लावायला सांगितला. काकांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"काका, दुकानासाठी कोनाचे फोन आल्ते का?" भावानं विचारलं.

"न्हाई बा. पान मात्र लय झ्याक झालंय. जावई बी खूश हायेत."

"चुडाव्याचा मानूस म्हनायलाय, त्यानं लय डाव लावला."

"आसंल," काका म्हणाले. "अनोळखी नंबर मी उचलीत न्हाई."