साळवे सरांची सरहद्द

साळवे सर गेल्याचं पुणतांब्याच्या स्टँडवर कळलं. त्याला महिना झाला. पण त्यांची आठवण आली की रडू येण्याआधी मला धावत सुटावंसं वाटतं... त्यांच्या वर्गात तसंच व्हायचं.

ब्याण्णव साली मी सातवीत होते. सर रेडिओवरच्या बातम्या ऐकून यायचे आणि पुस्तक बाजूला सारून युगोस्लाव्हिया सांगायचे. एकाच गल्लीत सर्ब, क्रोएट, मुसलमान. बोली जवळजवळ एक, सोयरिकीसुद्धा झालेल्या. जुनी साम्राज्यं मोडली तेव्हा 'आपण एक' म्हणत त्यांचा देश उभा राहिला, आणि आता त्याच अभिमानानं प्रत्येकाला वेगळं राष्ट्र हवं होतं. आम्ही आ वासून ऐकायचो. एका शनिवारी सरांनी कबड्डीचं मैदान आखायची फक्की आमच्या हातात दिली. "आपल्या आळीत जा. कोण कुणाचं ते ठरवा आन् सरहद्द आखा. पन कुणाचं नुकसान व्हायला नको."

काय मजा आली म्हणून सांगू. फक्कीचा डबा घेऊन मी सगळ्यांच्या पुढे. पांढरी रेघ आमच्या आणि शेजारच्या शबानाच्या घरांच्या मधून निघाली, तर हापसा त्यांच्याकडे गेला. मी रेघ वाकवून तो आमच्यात घेतला. शबानानं ती पुसून पुन्हा आखली. मग पिठाची गिरणी, पार, कुणाचा गोठा... तासाभरात खेळ राहिला बाजूला. जिच्या ताटात मी जेवायचे त्या शबानाला मी बजावलं, "आमच्या हापशाला हात लावायचा न्हाई." खरं सांगते, ते म्हणताना मला केवढं स्फुरण चढलं होतं.

दुपारी माणसं शेतातून परतली आणि रेघा बघून त्यांचं धाबं दणाणलं. त्यांना वाटलं, मोजणीवाले येऊन गेले, आता रस्ता रुंद होणार, ओटे पाडणार. सगळी आळी शाळेवर चालून आली. सरांनी समजावलं, माफी मागितली. म्हणाले, "पायानं पुसून टाका. आपली रेघ पायानं पुसती तवर बरं हाय."

लोकांनी हसत हसत पुसलं. माझे वडील, अण्णा, मात्र हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं, कारण माझं अक्षर छान. ते सांगत गेले, मी वरच्या साहेबांना अर्ज लिहीत गेले : हे शिक्षक मुलांना जातीजातीत भांडायला शिकवतात. हे खोटं आहे हे मला कळत होतं. तरी एकही खाडाखोड न करता लिहिलं. खाली अकरा सह्या झाल्या आणि सरांची नेवाशाकडे बदली झाली.

गेल्या दिवाळीत, डी.एड.च्या सुट्टीत, मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेले. "सर, तो अर्ज..." एवढंच म्हणाले.

"दाखवला हुता मला. तुझ्या वह्या मीच तपासायचो, अक्षर वळखू येनार न्हाई व्हय?" सर शांतपणे म्हणाले. "लई वाईट वाटलं. पन तिकडं युगोस्लाव्हियात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची नावं बंदुकवाल्यांना कशी लिहून दिली आसतील, ते मला त्या दिवशी समजलं."

सरांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा उतरवून माझ्यापुढे पसरला. युगोस्लाव्हियावर कोऱ्या कागदाचे तुकडे चिकटवलेले होते.

"नवी नावं लिहायची राहिलीत, माझा हात कापतो," असं म्हणून त्यांनी पेन पुढे केलं. "तू लिही. अक्षर चांगलं हाय तुझं."

परवा सरांच्या घरी काकूंना भेटायला गेले. नकाशा पुन्हा भिंतीवर आहे. साऱ्या जगाची नावं छापील... आणि स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया माझ्या अक्षरात.